उजवी खिडकी की डावी? परभणीच्या एका जोडप्याचं मुंबई–मोपा तिकीट

पार्श्वभूमी

परभणीत माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, ट्रॅव्हल्स, विमान, जे लागेल ते. विमानाचं तिकीट काढायला आलेला माणूस आधी भाडं विचारतो, मग बॅग किती किलोची चालते ते विचारतो, आणि सीटचा विषय निघालाच तर "जी फुकट मिळंल ती टाका" म्हणतो. त्यात वावगं काही नाही. पण दिवाळीच्या आधी एक निवृत्त गुरुजी आले आणि भाड्याचं नाव न काढता म्हणाले, "समुद्राकडची खिडकी पाहिजे. ती कोणती ते आधी सांगा, मग तिकिटाचं बघू." त्या एका सीटचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले तसेच मांडले आहेत.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. कोकणातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे पोरांकडून पाठ करून घेण्यात त्यांची हयात गेली. उल्हास, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल. स्वतः मात्र मुंबई सोडली तर घाटाखाली कधी उतरले नव्हते. आमच्याकडं नदी म्हणजे गोदावरी. ती पूर्वेकडं जाते, आणि जाता जाता अर्धा देश ओलांडते. सह्याद्रीत उगवून लगेच पश्चिमेला समुद्रात जाणारी नदी, आणि तिच्या तोंडाशी आत शिरलेलं खारं पाणी, हे मराठवाड्यातल्या मास्तरानं शिकवायचं ते नकाशावर बोट ठेवूनच.

मुलगी म्हापशाला असते. नोव्हेंबरात तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जाताना विमान आणि येताना कोकण रेल्वे असं घरात ठरलं होतं, आणि रेल्वेची तिकिटं मुलीनं काढूनही ठेवली होती. म्हणजे हवेतून किनारा बघायची संधी एकदाच. गुरुजी आणि काकू, दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार होते. म्हापशाला जायचं म्हणून गोव्यातला दाभोळीचा जुना विमानतळ सोडून मोप्याचा नवा धरला. तिथून घर जवळ.

अडचण

पुण्याच्या मुलानं फोनवर निकाल देऊन टाकला होता: "बाबा, मुंबईहून गोव्याला जाताना तोंड दक्षिणेला. समुद्र पश्चिमेला, म्हणजे उजवीकडं. एफ घ्या." चूक काहीच नाही. तीन-तीन सीटच्या एअरबसमध्ये नाकाकडं तोंड करून बसलं की डावी खिडकी ए आणि उजवी एफ. (मोबाइलवरचा सीटचा नकाशा बहुतेक वेळा नाक वर ठेवून येतो, पण काही ठिकाणी तो आडवा दिसतो आणि तिथं भलेभले उलटी बाजू घेतात.)

पण "समुद्र उजवीकडं" एवढ्यानं भागत नाही. विमान मुंबईहून निघतं ते बहुतेक वेळा पश्चिमेला तोंड करून, कारण वारा बहुतांशी तिकडून येतो. जुहू-वर्सोव्याच्या बाजूनं पाण्यावर आलं की दक्षिणेला जाण्यासाठी ते डावीकडं वळतं. वळताना डावा पंख खाली झुकतो. डावीकडच्यांना त्या मिनिटा-दोन मिनिटांत वांद्रे-वरळीचा सी लिंक आणि किनाऱ्याला चिकटलेली मुंबई दिसते, उजवीकडच्यांना नुसतं आभाळ. पुढं विमान पाण्यावरूनच खाली गेलं तर किनारा डावीकडंच राहतो आणि उजवीकडं सगळं पाणी. आत जमिनीवरून गेलं तरच किनारा उजवीकडं येतो.

म्हणून मी गुरुजींना विचारलं, "समुद्र बघायचाय, का किनारा?"

ते क्षणभर थांबले. मी सांगितलं की २५-३० हजार फुटांवरून मोकळा समुद्र म्हणजे निळं पाणी आणि मधूनच एखादं जहाज, दुसरं काही नाही. बघण्यासारखं असतं ते जमीन आणि पाणी जिथं भिडतं तिथं. मग ते म्हणाले, "मला खाड्या मोजायच्यात." इथून पुढचे सगळे निर्णय या वाक्यानं ठरवले.

दुसरी अडचण काकूंची. गुडघा आखडतो, उंचीची भीती, आणि एकटं बसायचं नाही. हे सगळं मला गुरुजींनी सांगितलं. काकू दुकानात आल्या नव्हत्या.

पर्यायांचा विचार

बाजूचा प्रश्न आधी घेतला, कारण तो चुकला तर बाकी सगळं वाया. दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेचा जुना नकाशासंग्रह आणि पट्टी घेऊनच आले. काउंटरवर महाराष्ट्राचं पान उघडलं, पट्टीचं एक टोक सांताक्रुझवर, दुसरं पेडण्याजवळ मोप्यावर, आणि पेन्सिलीनं रेघ ओढली. रेघ किनाऱ्यावर पडलीच नाही. अलिबागपाशी ती किनाऱ्यापासून पंधराएक किलोमीटर आत होती, दाभोळपाशीही जवळपास तेवढीच, रत्नागिरीपाशी वीस-बावीस, आणि मालवणपर्यंत जाताना तीस किलोमीटर आत सरकली. कोकणचा किनारा दक्षिणेला जाताना जेवढा पूर्वेकडं वळतो त्याहून जास्त ही रेघ वळते, म्हणून अंतर वाढत जातं.

म्हणजे या रेघेवरून गेलं तर किनारा उजव्या खिडकीत येत होता. आठ-नऊ किलोमीटर उंचीवरून पंधरा-वीस किलोमीटरवरचा किनारा बघायला मान वाकडी करावी लागत नाही. सहज नजर खाली टाकली की दिसतो. विमान अगदी किनाऱ्याच्या डोक्यावरून गेलं तर गंमत अशी होते की किनारा कुठल्याच खिडकीत नसतो, कारण थेट पोटाखालचं विमानातून दिसत नाही. थोडं आत असणं हेच सोयीचं.

पण विमान पट्टीनं आखलेल्या रेघेवरून जात नाही. ते एअर ट्रॅफिक कंट्रोल सांगेल त्या वाटेनं जातं. म्हणून त्याच क्रमांकाच्या फ्लाइटचे मागच्या काही दिवसांचे मार्ग फ्लाइटरडार या विमानांच्या वाटा दाखवणाऱ्या साइटवर उघडून बघितले. बरेच दिवस ती मुंबईपाशी पाण्यावर थोडी रेंगाळून नंतर जमिनीवर येत होती, आणि एखाद्या दिवशी बरीच लांबवर पाण्यावरून जात होती. म्हणजे एफ घेतली तर पहिली काही मिनिटं हातची जाणार हे ठरलेलं, आणि पुढचा किनारा बहुधा मिळणार. ए घेतली तर मुंबई बहुधा मिळणार, पुढं सह्याद्रीचा कडा दिसणार, पण खाड्यांची तोंडं पलीकडच्या खिडकीत राहणार. गुरुजींनी मुंबई सोडली. "मुंबई टीव्हीवर रोज दिसते," म्हणाले.

उन्हाचा हिशोब त्यांनी मला शिकवला. मी इतकंच सांगत असे की सकाळी दक्षिणेला जाताना ऊन डावीकडून येतं, म्हणून उजवी बाजू स्वच्छ दिसते, आणि दुपारनंतर उजवीकडं पाण्यावर चकाकी येते, डोळे दिपतात. गुरुजी म्हणाले, नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडं कललेला, आणि मुंबईत मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी होते. अकरा-साडेअकराला निघालं तर सूर्य जवळजवळ नाकासमोर असेल, कुठल्याच खिडकीला त्रास नाही. हा हिशोब बरोबर होता, आणि वेळही सोयीची होती. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसलं की सकाळी दादर, तिथून विमानतळ, आणि गाडी तास-दीड तास लेट झाली तरी जमतं. पहाटेच्या फ्लाइटमध्ये उजेड आणखी चांगला मिळाला असता, पण त्यासाठी आदल्या रात्री मुंबईत लॉज घ्यावा लागला असता. खाड्या ओळखायला एवढ्या खर्चाची गरज नव्हती. फोटो हाच हेतू असता तर मी लॉज घ्या म्हणालो असतो.

रांगेबद्दल फार वाद झाला नाही, तरी लोक इथंच सगळ्यात जास्त फसतात म्हणून थोडं सविस्तर. एअरबस ३२० मध्ये पंख साधारण दहाव्या रांगेपासून विसाव्यापर्यंत खालचं सगळं झाकतो. पंखाच्या मागं बसलं की खाली दिसतं, पण इंजिनाची गरम हवा मधून जाते आणि पलीकडचं थरथरत दिसतं. मागच्या सीट स्वस्त असतात आणि बहुतेक लोक तिथं खूश असतात. ज्याला नदीच्या मुखाचा आकार ओळखायचाय त्यानं पुढंच बसावं. इमर्जन्सी दारापाशी पाय पसरायला जागा मिळते, पण ती सीट वय झालेल्या माणसाला देत नाहीत, आणि तिथून दिसतो तो पंखच. पुढं बसण्याचा आणखी एक फायदा ऐन वेळी कळतो. कंपनीनं ३२० च्या जागी लांबडं ३२१ लावलं तर पंख मागच्या रांगांकडं सरकतो. पाचवी रांग तेव्हाही पंखाच्या पुढंच राहते. चोविसावी मात्र पंखावर येऊ शकते.

खिडकीसमोरच सीट येईल याची खात्री कुणी देत नाही. या विमानाच्या खिडक्या साधारण २१ इंचांवर आणि सीट २८ ते ३० इंचांवर असतात. ताळमेळ बसतच नाही, त्यामुळं काही रांगांत खांद्याशी खिडकी आणि डोळ्यांसमोर भिंत येते. बोईंग ७३७ असेल तर पंखाच्या पुढं डावीकडं एखाद्या रांगेला खिडकीच नसते, कारण तिथून एसीची नळी वर जाते. आपलं विमान एअरबसचं होतं, त्यामुळं तो प्रश्न आला नाही.

राहिला काकूंचा प्रश्न. एक पर्याय असा होता की एकाच रांगेत गुरुजी ५ एफ आणि काकू ५ ए, दोघांनाही खिडकी. गुरुजींनी ऐकताच नाही म्हटलं: "ती एकटी बसायची नाही. आणि खिडकीकडं तर बघायचीच नाही." दुसरा पर्याय त्यांच्या शेजारची मधली सीट, तिसरा कडेची. गुडघ्याचा विचार करून कडेची ठरली.

काय केलं

५ एफ आणि ५ डी पैसे भरून घेतल्या. फुकटात हवं तर वेब चेक-इन उघडेपर्यंत थांबता आलं असतं, पण दिवाळीनंतरच्या गोव्याच्या फ्लाइटमध्ये तेव्हा खिडकी उरत नाही. उरते ती मधली सीट. समोरच्या रांगांना पैसे जास्त लागतात. एका सीटच्या पैशात परभणी-पुणे ट्रॅव्हल्सचं तिकीट निघालं असतं, हे गुरुजींनी बोलून दाखवलं आणि तरी भरले.

मग त्यांनी स्वतःहून एक काम केलं, जे मी आजवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं. नकाशावरच्या रेघेवर बाणकोट, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग यांच्यासमोर खुणा केल्या, मुंबईपासूनची अंतरं मोजली, विमान मिनिटाला साधारण बारा किलोमीटर जातं असं धरून आणि चढाईला थोडी सूट देऊन कागदावर तक्ता केला. बाणकोट चौदावं मिनिट, दाभोळ अठरावं, जयगड एकविसावं, रत्नागिरी चोविसावं, विजयदुर्ग अठ्ठाविसावं. कागद चौघडी करून खिशात. सोबत खिडकीची काच पुसायला धुतलेला रुमाल.

मी एवढंच सांगितलं की जलदुर्ग शोधू नका. सिंधुदुर्ग किल्ला तीस किलोमीटरवरून फार तर ठिपक्याएवढा दिसेल. खाडीची तोंडं, वाळूचे दांडे आणि बंदरं दिसतील.

प्रत्यक्षात काय झालं

हे गुरुजींनी आणि काकूंनी परत आल्यावर सांगितलेलं.

मधल्या ५ ई वर एक तरुण आला. काकूंकडं बघून तोच म्हणाला, मावशी, तुम्ही काकांजवळ बसा, मला कडेची चालेल. कडेची सीट कुणाला नको असते? त्यामुळं काकू शेवटी मधल्या सीटवर आल्या, गुडघ्यासकट.

विमान पश्चिमेलाच उडालं आणि पाण्यावर येताच डावीकडं वळलं. गुरुजींच्या खिडकीत निळं आभाळ. डावीकडच्या रांगांत भराभर मोबाइल निघाले. काकूंनी मान वळवून विचारलं, "तिकडच्या लोकांना काय दिसायलंय एवढं?" गुरुजी म्हणाले, "मुंबई. आपलं पुढं आहे."

पुढं बराच वेळ आलंच नाही. विमान पाण्यावरून जात राहिलं. चौदावं मिनिट झालं, बाणकोटच्या नावापुढं गुरुजी पेन्सिल धरून बसले, आणि खिडकीत फक्त समुद्र. तक्ता सरळ रेघेवरचा होता. विमान आधी पश्चिमेला जाऊन वळलं होतं, त्या वळशाची मिनिटं त्यात धरलेलीच नव्हती. थोड्या वेळानं विमानाच्या पोटाखालून किनारा उजवीकडं सरकत आला आणि पाठोपाठ एक रुंद मुख दिसलं. हे बाणकोट की दाभोळ, ते ठरेना. त्यांनी दोन्हींपुढं प्रश्नचिन्ह केलं, आणि हे मला फार आवडलं. मास्तर असूनही अंदाजावर बरोबरची खूण केली नाही.

सोडवणूक जयगडला झाली. समुद्रात काढलेली बंदराची भिंत, तिच्याआड उभी मोठी जहाजं, आणि आत वळत गेलेली शास्त्री नदी. ही खूण पक्की. घड्याळ बघितलं तर तक्त्यापेक्षा पाच मिनिटं उशीर. मग त्यांनी पुढच्या सगळ्या आकड्यांत पाच मिळवले, आणि मागं जाऊन प्रश्नचिन्हांपैकी दाभोळचं पक्कं केलं. रत्नागिरी बरोबर त्या वेळेला आली. भाट्याची खाडी, आणि समुद्रात घुसलेलं डोंगराचं टोक. "काजळी," ते काकूंना म्हणाले. काकू त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. भीतीचं त्यांना आठवलं नाही, किंवा असेल तर त्यांनी सांगितलं नाही.

रत्नागिरीच्या पुढं पातळ ढग आले आणि विमान उतरायला लागलं. एवढ्या छोट्या प्रवासात निम्म्याच्या पुढं गेलं की उतरणं सुरू होतं, हे पहिल्यांदा बसणाऱ्याच्या ध्यानात नसतं. विजयदुर्ग ढगात गेलं. मालवण लांब राहिलं. कर्ली दिसली नाही. मोप्याआधी विमान उजवीकडं वळलं तेव्हा खाली हिरव्यातून एक नागमोडी नदी जवळून दिसली. गुरुजींच्या मते तेरेखोल. जागा बघता असणार.

हिशोब केला तर दाभोळ, शास्त्री, काजळी पक्क्या, तेरेखोल जवळजवळ पक्की, बाकीच्या गेल्या. गुरुजी खूश होते. काकूंचं म्हणणं वेगळं निघालं.

वेगळं काय करता आलं असतं

काकू म्हणाल्या, "मला ती मुंबई बघायची होती. मला कुणी विचारलंच नाही." सी लिंक त्यांनी फक्त मालिकांमध्ये पाहिलाय आणि वरून कसा दिसतो ते त्यांना बघायचं होतं. दुकानात दोन माणसांच्या प्रवासाचा निर्णय झाला आणि प्रश्न एकालाच विचारले गेले. ५ ए आणि ५ एफ हा पर्याय टेबलावर होता. तो काकूंच्या भीतीच्या नावाखाली बाजूला पडला. ती भीती कितपत होती ते एका फोनवर कळलं असतं. आता जोडप्याचं बुकिंग असेल तर मी दुसऱ्याचा नंबर मागतो. लोकांना जरा विचित्र वाटतं.

एफ घेण्याचा निर्णय मात्र मला आजही बरोबर वाटतो. विमान पाण्यावर जास्त वेळ राहिलं आणि पहिल्या एक-दोन खाड्या गेल्या, पण ज्या मिळाल्या त्या उजवीकडंच मिळाल्या. हेतू "काहीतरी भारी दिसू दे" असा असता तर मी ए सांगितली असती. मुंबईचा वळसा जवळजवळ हमखास मिळतो, आणि नंतर डावीकडं सह्याद्रीचा उभा कडा असतोच. खाड्यांचं मुख ज्याला बघायचंय त्यानंच एफचा जुगार खेळावा, आणि तोही त्या फ्लाइटचे ताजे मार्ग बघून.

तक्त्याबद्दल: मिनिटं टेक-ऑफपासून न मोजता ओळखू येईल अशा पहिल्या खुणेपासून मोजावीत. जयगडचं बंदर त्यासाठी उत्तम. मागचा एखादा प्रत्यक्ष मार्ग घेऊन त्यावरच वेळा काढल्या तर वळशाचाही हिशोब येतो. गुरुजींनी हे ऐकलं आणि म्हणाले, पण पट्टीची मजा गेली की मग.

काच हा किरकोळ पण खरा मुद्दा निघाला. आतली काच रुमालानं पुसता आली, पण बाहेरच्या काचेवरचे ओरखडे कोण पुसणार? मोबाइलची लेन्स काचेला जवळजवळ टेकवून धरली की ओरखडे पुसट होतात, हे शेजारच्या तरुणानं दाखवलं. तोवर रत्नागिरी मागं गेली होती.

पुढचं तिकीट

फेब्रुवारीत मुलीकडं पुन्हा जायचं ठरलंय. त्याच वेळची फ्लाइट आणि त्याच बाजूनं जाणारी. या वेळी काकू स्वतः दुकानात आल्या आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाल्या, "ए टाका." गुरुजींनी फेब्रुवारीत धुरकट असतं, दूरचं नीट दिसत नाही, असं सांगून बघितलं. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण वळताना मुंबई जवळूनच दिसते, तिला धुरकटपणाचा फार फरक पडत नाही, हे मी सांगितलं. ४ ए काकूंना, ४ बी गुरुजींना. गुरुजींनी नकाशासंग्रहाचं तेच पान उघडून सह्याद्रीतल्या घाटांची यादी करायला घेतलीय. वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा. आता मधल्या सीटवरून, काकूंच्या खांद्यावरून.